बायोडेटातली हॉटेलाची ओळ

बी. कॉम. करत असताना मी कोथरूडच्या एका शाकाहारी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये वेटर होतो. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी पाचपासून शटर खाली येईपर्यंत ड्युटी. आज मी पुण्यातल्याच एका रुग्णालयात डिस्चार्जचं टेबल सांभाळतो. बरा झालेला पेशंट घरी निघतो तेव्हा त्याची औषधं, बिल, विम्याची मंजुरी, डॉक्टरांच्या सहीची समरी आणि खाली उभी असलेली गाडी या सगळ्यांची वेळ जुळवून आणणं हे माझं काम. ‘हे कुठे शिकलास?’ असं कोणी विचारलं की मी ‘हॉटेलात’ म्हणून सांगतो. ऐकणाऱ्याला तो माझा विनय वाटतो. मी मात्र जे आहे तेच सांगत असतो.

आमचे कॅप्टन कुंदापूरकडचे, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मिसरूड फुटायच्या आधी मुंबईत आले, दिवसा टेबलं पुसली आणि रात्री कन्नड रात्रशाळेत शिकले. उडुपी हॉटेलांत राबणारी कितीतरी पोरं मुंबईतल्या अशा रात्रशाळांतून शिकून बाहेर पडली. अण्णा त्यांतलेच, त्यामुळे माझी परीक्षा जवळ आली की न मागता मला लवकर सोडायचे. त्यांनी शिकवलेला पहिला नियम असा, की किचनमध्ये रिकाम्या हाताने जायचं नाही आणि रिकाम्या हाताने बाहेर यायचं नाही. आत जाताना उष्ट्या प्लेटा न्यायच्या, येताना कोणाची तरी ऑर्डर किंवा निदान पाण्याचा जग आणायचा. ऐकायला सोपं आहे, पण त्यासाठी निघण्याआधी आपल्या सहाही टेबलांवरून एकदा नजर फिरवावी लागते. कोणाचं पाणी संपलंय, कोणी मेन्यू मिटून ठेवलाय, कोण बिलासाठी मान वर करून बघतंय हे एका नजरेत टिपायचं. ही नजर पुढे जन्मभर पुरते.

खरी कसोटी ऑर्डर घेण्यात. रविवारी रात्री आठ जणांचं कुटुंब बसलेलं असायचं. आजोबांना सूप, तेही अर्धं नको, पूर्ण. सूनबाईंना व्हेज कोल्हापुरी, पण तिखट कमी. धाकट्याला चीज डोसा आणि बरोबर आलेल्या पाहुण्यांना सगळं जैन. पाहुण्यांनीही कोल्हापुरीच मागितली, की ‘हो’ म्हणून मोकळं होता येत नाही. आमच्यासारख्या किचनमध्ये ग्रेव्ही सकाळीच तयार करून ठेवलेल्या असतात आणि कोल्हापुरीची ग्रेव्ही कांद्यातच शिजलेली असते. तिच्यातून कांदा काढणार कसा? म्हणून तिथल्या तिथे सांगायचं, ‘काका, कोल्हापुरी जैन होत नाही. टोमॅटो-काजूच्या ग्रेव्हीत पनीर ताजं करून देतो, पण पंधरा मिनिटं लागतील. चालेल?’ नाही म्हणायचं, लगेच पर्याय द्यायचा आणि त्याला लागणारा वेळही खरा सांगायचा. लोक पंधरा मिनिटं आनंदाने थांबतात. पाच मिनिटं सांगून पंधरा लावली, की तीच माणसं चिडतात.

आणि मग सगळी ऑर्डर एकदा मोठ्याने वाचून दाखवायची. दाराकडच्या खुर्चीपासून मनातल्या मनात नंबर लावलेले असायचे, त्याच क्रमाने. वाचताना हमखास कोणीतरी म्हणायचं, ‘अहो, लस्सी नाही, ताक.’ ती दुरुस्ती टेबलावर फुकट होते, किचनमध्ये गेल्यावर तिचे पैसे पडतात. मग केओटी, म्हणजे किचनला द्यायची ऑर्डरची चिठ्ठी, फाडायची. एक प्रत किचनला, एक काउंटरला, एक आपल्या खिशात. पुढे रुग्णालयात रुजू झालो तेव्हा प्रशिक्षणात सांगितलं गेलं, की डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं तर सिस्टरनी ते लिहून घ्यायचं, परत वाचून दाखवायचं आणि डॉक्टरांनी ‘बरोबर’ म्हटल्यावरच ते पक्कं धरायचं. वैमानिकही कंट्रोल टॉवरची सूचना अशीच परत म्हणून दाखवतो. बरोबरच्या काहींना ही पद्धत नवी होती. मला त्यासाठी वेगळा अभ्यास करावा लागला नाही.

वेळेचा हिशोबही हॉटेलातलाच. तंदूरमधून काढलेली रोटी काही मिनिटांत वातड होते, म्हणून सगळ्या रोट्या एकदम सांगायच्या नाहीत. ज्या पदार्थाला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो आधी सांगायचा आणि बाकीचे त्याच्या मागून सोडायचे, म्हणजे आठही जणांच्या पुढ्यात एका वेळी गरम अन्न येतं. डिस्चार्जमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाते ती विमा कंपनीची अंतिम मंजुरी. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये त्यासाठी ३ तासांची मर्यादा घातली आहे, पण ते घड्याळ आपण कागद पाठवल्यावरच चालू होतं. कागद पाठवायला अंतिम बिल लागतं आणि वॉर्डात उरलेली औषधं फार्मसीत परत गेल्याशिवाय अंतिम बिल निघत नाही. त्यामुळे सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आज सोडू या’ म्हणाले, की मी सगळ्यात आधी उरलेली औषधं खाली पाठवतो. नातेवाइकांना वाटतं, बिल मागितलं की मिळायला हवं. माझी धावपळ त्याच्या किती तरी आधी सुरू झालेली असते.

वेटरच्या स्मरणशक्तीचं लोकांना कौतुक असतं. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली अपूर्ण कामांच्या स्मरणावरचं संशोधन प्रसिद्ध केलं, आणि त्यामागची कल्पना बर्लिनमधल्या वेटरांकडे बघून सुचली असं सांगतात. बिल चुकतं होईपर्यंत वेटरला सगळं आठवतं आणि पैसे मिळाले की तो विसरतो. पुढच्या प्रयोगांत हा निष्कर्ष दर वेळी तसाच आला नाही. माझा अनुभव मात्र त्याच्याशी जुळतो. टेबल उठलं की त्यांनी काय खाल्लं हे मला आठवत नसे, आणि उघड्या टेबलांचं ओझं डोक्यावर सतत राहायचं. म्हणूनच आज मी अर्धवट राहिलेलं प्रत्येक काम लगेच वहीत लिहितो. कागदावर उतरलं की डोकं समोरच्या माणसासाठी मोकळं होतं.

पण मी तिथे शिकलेली सगळ्यात मोलाची गोष्ट निराळी आहे. एकदा एक गृहस्थ भाजी थंड आहे म्हणून सगळं हॉटेल ऐकेल अशा आवाजात ओरडू लागले. बरोबर बायको-मुलं होती आणि मुलं मान खाली घालून बसली होती. अण्णा आले, एक शब्द न बोलता त्यांनी आधी भाजीचा बाउल उचलला, मागे उभ्या असलेल्या माझ्या हातात दिला आणि मग वाकून हळू आवाजात म्हणाले, ‘साहेब, गरम येते. तोवर मुलांना काय देऊ?’ आवाज तिथेच उतरला. नंतर किचनच्या दारात मला म्हणाले, ‘आधी वस्तू उचलायची, मग बोलायचं. समोर असते तोवर राग वाढतो.’ आज बिलाच्या खिडकीशी कोणी संतापून आलं, की मी आधी त्यांची फाइल माझ्या हातात घेतो आणि त्यांना खुर्ची देतो. स्पष्टीकरण त्यानंतर. त्यांचा राग बहुतेक वेळा माझ्यावर नसतो. घरचं माणूस आत असतं, पैशांची तजवीज करायची असते, झोप झालेली नसते. हे ओळखायला मला हॉटेलाने शिकवलं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ च्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात, प्रामुख्याने हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून, अशा मेहनतीला भावनिक श्रम म्हटलं. स्वतःच्या मनात काहीही चाललेलं असलं तरी चेहरा आणि आवाज शांत ठेवणं हेही श्रमच आहेत आणि ते माणसाला थकवतात. वेटर पायांनी दमतो हे सगळ्यांना दिसतं. ‘शुक शुक’ करून बोलावणाऱ्यालाही हसून ‘बोला साहेब’ म्हणण्यात तो किती दमतो, हे कोणाच्या हिशोबात धरलं जात नाही. या कामातला कमी पगार, दुपारी सुट्टी देऊन रात्री पुन्हा जुंपणारी ब्रेक ड्युटी, माळ्यावरची झोप यांचं मला कौतुक करायचं नाही. ते बदललंच पाहिजे. कौशल्य शिकायला मिळतं म्हणून पगार कमी द्यावा, हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही.

पदवीनंतर एका कंपनीत मुलाखतीला गेलो, तेव्हा समोरच्या बाईंनी बायोडेटातल्या हॉटेलाच्या ओळीवर पेन टेकवून विचारलं, ‘हे काढून का टाकत नाही? कामाचा अनुभव म्हणून काही आहे का?’ ज्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ला मान मिळवून दिला, तिथे कमावून शिकलेल्या पोराने ती कमाई लपवावी असं सुचवलं जातं, याचं मला आजही वाईट वाटतं. एनव्हिडियाचे सहसंस्थापक जेन्सन ह्वांग यांनी त्यांच्या लिंक्डइनवर डेनीज या रेस्टॉरंटमधली बशा धुण्याची आणि वेटरची नोकरी नोंदवून ठेवली आहे. आपल्या मुलांनी का लाजावं?

तेव्हा हॉटेलात काम करून शिकणाऱ्या मुलामुलींनो, ती ओळ खोडू नका. नुसतं ‘वेटर’ लिहून थांबूही नका. एका वेळी किती टेबलं सांभाळत होतात, बिलिंग येत होतं का, नव्या पोरांना शिकवलंत का, हे सगळं लिहा. आणि मुलाखती घेणाऱ्यांनो, अशी ओळ दिसली तर उमेदवाराला विचारा, की रविवारी रात्री सगळी टेबलं भरलेली असताना एक ऑर्डर चुकली तर तू काय करायचास? तो जे सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या आणि मगच पुढच्या उमेदवाराला बोलवा.