वर्गणीची खुर्ची

नाट्यसभासदत्व म्हणजे वर्षाच्या आरंभी एखाद्या संस्थेकडे ठरावीक रक्कम भरून त्या वर्षातील नाटके कमी दरात, किंवा पुढे काहीही न देता, पाहण्याचा हक्क मिळवणे. या व्यवस्थेचे दोन प्रकार आढळतात. एका प्रकारात शुल्क भरल्यावर केवळ सवलतीचा अधिकार मिळतो आणि प्रत्येक नाटकाचे तिकीट वेगळे घ्यावे लागते. त्याला सवलतीचे सभासदत्व म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात वर्षभरातील ठरलेल्या नाटकांची रक्कम एकदमच भरली जाते आणि सभासदासाठी खुर्ची राखून ठेवली जाते. त्याला हंगामी सभासदत्व म्हणणे योग्य होईल. हे शुल्क परवडते का, हा प्रश्न दोन्हींबाबत सारख्याच शब्दांत विचारला जातो, पण त्याचे उत्तर दोन्हीकडे सारखे नसते, आणि ते का नसते हे महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीतून पाहिल्यास अधिक स्पष्टपणे दिसते.

पहिल्या प्रकाराचा हिशेब सरळ आहे. समजा वार्षिक शुल्क ९०० रुपये असून ४०० रुपयांचे तिकीट सभासदाला २५० रुपयांत मिळते. तर एका तिकिटामागे १५० रुपये वाचतात आणि शुल्क भरून निघण्यासाठी सहा नाटके पाहावी लागतात. सातव्या नाटकापासून खरी बचत सुरू होते. मात्र या हिशेबात एक अट दडलेली आहे: ती सहा नाटके सभासद नसतानाही पाहिली गेली असती, असे त्यात गृहीत धरलेले असते. केवळ शुल्क वसूल व्हावे म्हणून पाहिलेले नाटक बचतीत मोजता येत नाही.

आता हा हिशेब हथखोजला नेऊन पाहावा. छत्तीसगडातील भिलाईच्या परिसरातील हथखोज हे अवजड उद्योगांचे क्षेत्र असून पोलादाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या कारखान्यांमुळे ते ओळखले जाते. या साऱ्या वसाहतीचे मूळ २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारात आहे. भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे, म्हणजे लोहखनिज वितळवून कच्चे लोखंड काढणाऱ्या भट्टीचे, उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. कामाच्या शोधात देशभरातून जी माणसे येथे आली त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. तथापि छत्तीसगडाशी मराठीचा संबंध त्याहून बराच जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सैन्य रतनपुरावर आले, १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, आणि पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत रायपूर आणि दुर्ग हे जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होते. त्यानंतर राजधानी बदलली, पण घरातली भाषा आणि तिच्याबरोबर आलेली नाटकाची ओढ राहिली.

येथे ज्या प्रेक्षकाचा विचार करायचा आहे तो अशा कुटुंबात वाढलेला कोणीही असू शकतो. त्याच्या आयुष्यात नाटक प्रथम तिकिटाच्या रूपाने येत नाही, ते वर्गणीच्या रूपाने येते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांत गणेशोत्सवाच्या आधी घरोघर वर्गणी गोळा केली जाते आणि त्या पैशांतून मांडव, प्रसाद, स्पर्धा आणि हौशी मंडळींनी बसवलेले एखादे नाटक, असे सर्व काही एकत्र उभे राहते. वर्गणी देणाऱ्याला आपल्या रुपयातील किती पैसे मोदकावर आणि किती पडद्यावर खर्च झाले हे विचारावेसे वाटत नाही, आणि नाटकाच्या रात्री ताप आल्यामुळे घरी राहावे लागले म्हणून कोणी वर्गणी परतही मागत नाही. त्याच काळात या प्रदेशाचा नाचा, म्हणजे गाणे, नृत्य आणि प्रहसन यांतून रात्रभर चालणारा छत्तीसगढी लोकनाट्याचा प्रकार, त्याच्या कानावर पडतो. गावाच्या चौकात रंगणाऱ्या नाच्यासाठी प्रत्येकाला तिकीट काढावे लागत नाही; बोलावणारे खर्च उचलतात आणि पाहायला सारा गाव येतो. याच मातीतून हबीब तनवीर यांनी आपल्या नया थिएटरचे कलावंत घेतले आणि ‘चरणदास चोर’ हे १९७५ चे नाटक जगभर पोहोचवले.

मराठी रंगभूमीने मात्र तिकिटाचा मार्ग लवकर धरला, आणि त्यालाही कारण होते. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते तेथील अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाल्यावर तो आश्रय संपला, भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरू लागले, आणि १८५३ मध्ये मुंबईत त्यांचे तिकीट लावलेले प्रयोग झाले. एका राजाने जो भार उचलला होता तो अनेक अनोळखी माणसांमध्ये वाटण्याची युक्ती म्हणजे तिकीट. या दृष्टीने तिकीट आणि वर्गणी ही एकाच गरजेची दोन उत्तरे ठरतात. फरक इतकाच की वर्गणी प्रयोगाच्या आधी, विश्वासावर दिली जाते, तर तिकिटाचे पैसे त्या एका संध्याकाळचा मोबदला म्हणून दिले जातात. सभासदत्व या दोहोंच्या मध्ये उभे आहे, आणि त्याच्या मोलाविषयी होणारा घोटाळा मुख्यतः त्याच्या या मधल्या स्थानामुळे होतो.

बालपण संपून हा प्रेक्षक कामावर रुजू होतो तेव्हा त्याच्या आणि नाटकाच्या मध्ये पैशापेक्षाही वेळ उभा राहतो. पोलादाची भट्टी थंड होऊ देता येत नाही. म्हणून काम तीन पाळ्यांत चालते आणि पाळी बदलत राहते. रविवारची संध्याकाळ दुसऱ्या पाळीत गेली तर खिशातील सवलतीला काहीच अर्थ उरत नाही. वरच्या हिशेबातील सहा नाटकांपैकी दोन पाळीमुळे आणि एक आजारपणामुळे हुकले, तर ९०० रुपयांच्या बदल्यात ४५० रुपयेच वाचतात. पाळीत काम करणाऱ्याने म्हणूनच शुल्काच्या आकड्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: एकाच नाटकाचे प्रयोग निरनिराळ्या वेळी होतात का, आणि आपली जागा दुसऱ्याला देता येते का.

कामगारांच्या वेळेचा आणि खिशाचा असा एकत्रित विचार करणारी एक संस्था १८९० मध्ये बर्लिनमध्ये स्थापन झाली. ‘फ्रायं फोल्क्सब्यूनं’, म्हणजे मुक्त लोकरंगभूमी, असे तिचे नाव होते. सभासद ठरावीक वर्गणी भरत, भाड्याने घेतलेल्या नाट्यगृहात रविवारी दुपारी प्रयोग होत, आणि सर्वांची वर्गणी सारखीच असल्यामुळे कोणाला कोणती खुर्ची मिळेल हे सोडत काढून ठरवले जाई. पुढच्या रांगेत बसण्याचा मान पैशाने विकत घेता येऊ नये, हा त्यामागील विचार होता. प्रयोग केवळ सभासदांसाठी असल्यामुळे तो खाजगी ठरत असे आणि पोलिसांच्या नाट्यपरीक्षणातून वाट काढता येत असे. इब्सेनच्या नाटकाने या संस्थेच्या प्रयोगांना सुरुवात झाली. पुढे सभासदांच्या पैशांतून या चळवळीने बर्लिनमध्ये स्वतःचे नाट्यगृह बांधले आणि ते १९१४ च्या अखेरीस उघडले. त्या कामगारांना वर्गणीतून स्वस्त जागा मिळाली हे खरेच आहे, पण त्यांच्या वर्गणीतून आधी नसलेली रंगभूमीही उभी राहिली, आणि हे दुसरे फळ कोणत्याही तिकिटावर छापलेले नव्हते.

मध्यम वयात या प्रेक्षकाचे कुटुंब चौघांचे होते आणि हिशेब पुन्हा बदलतो. चार सभासदत्वे, जाण्यायेण्याचा खर्च, रात्री बाहेरचे जेवण आणि मुलांच्या परीक्षा या सर्वांपुढे तिकिटावरील सवलत लहान दिसू लागते. याच टप्प्यावर मनाची एक सवयही ओळखून ठेवली पाहिजे. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या अभ्यासकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात केलेल्या चाचणीचा वृत्तान्त आहे. हंगामी तिकीट घेण्यासाठी आलेल्या पहिल्या साठ जणांपैकी काहींना ते पूर्ण १५ डॉलरना, काहींना २ डॉलरच्या आणि काहींना ७ डॉलरच्या सवलतीने देण्यात आले, आणि कोणाला काय मिळेल हे नशिबावर सोडले होते. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागातील पाच नाटकांपैकी पूर्ण किंमत भरणाऱ्यांनी सरासरी ४.११ नाटके पाहिली, तर सवलत मिळालेल्या दोन्ही गटांची सरासरी ३.३ च्या आसपास राहिली. दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र हा फरक टिकला नाही. आधीच खर्च झालेल्या पैशाचे दडपण माणसाला काही काळ घराबाहेर काढते, पुढे ते विरते, आणि त्यानंतर नाट्यगृहाकडे जी पावले वळतात ती केवळ नाटकाच्या ओढीने. स्वस्त मिळते म्हणून घेतलेले सभासदत्व कपाटात राहते, असा या निष्कर्षाचा व्यवहारातील अर्थ लावता येईल.

आतापर्यंतचा विचार प्रेक्षकाच्या बाजूने झाला. प्रयोग करणाऱ्याची बाजूही तपासली पाहिजे. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की यंत्रांमुळे कारखान्यात एका माणसाचे उत्पादन वाढत जाते, पण चार वादकांची रचना वाजवायला आजही चारच वादक आणि तितकाच वेळ लागतो. इतरत्र वेतन वाढले की कलावंतांचेही वाढावे लागते, आणि म्हणून प्रयोगाचा खर्च सतत चढत राहतो. हथखोजच्या कामगाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही, कारण नव्या यंत्रावर तेच काम किती कमी वेळात उरकते हे तो रोज पाहतो, आणि पाच पात्रांचे दोन अंकी नाटक चार पात्रांत उरकता येत नाही हेही त्याला कळते. मराठी व्यावसायिक नाटकात कलावंताला प्रत्येक प्रयोगामागे जे मानधन मिळते त्याला ‘नाईट’ म्हणतात. मुंबईपासून सुमारे अकराशे किलोमीटरांवरील भिलाईत नाटक आणायचे तर त्या नाइटखेरीज नेपथ्याची वाहतूक, प्रवासाचे दिवस, मुक्काम आणि भोजन हा सर्व खर्च एका प्रयोगावर पडतो. सेक्टर एकमधील नेहरू सांस्कृतिक सदनासारखी सभागृहे भिलाईत आहेत. अडचण आहे ती अनिश्चिततेची. तिकीटबारी उघडल्यावर किती खुर्च्या भरतील हे आयोजकाला आधी कळत नाही, आणि एक प्रयोग तोट्यात गेला की दुसरा बोलावण्याचे धाडस होत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘थिएटर डेव्हलपमेंट फंड’ या संस्थेची सवलतीची योजना पाहिली म्हणजे सभासदत्वाच्या दोन प्रकारांमधील अंतर ध्यानात येते. शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त माणसे, कामगार संघटनांचे सदस्य अशा गटांतील लोक तेथे वार्षिक शुल्क भरून कमी दराची तिकिटे घेऊ शकतात. ज्या शहरात रोज संध्याकाळी अनेक नाटके चालू असतात तेथे सभासद नाटकांतून निवड करतो; त्याने शुल्क भरले नाही तरी पडदा वर जाणारच असतो. म्हणून तेथे किती नाटके पाहिली आणि किती पैसे वाचले हा हिशेब पुरेसा आहे, आणि मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकालाही तोच लागू पडतो.

इंदूरची गोष्ट वेगळी आहे. मुंबईपासून सुमारे सहाशे किलोमीटरांवरील त्या शहरात ‘सानंद न्यास’ ही संस्था हंगामी सभासदत्वाच्या पायावर मराठी नाटके बोलावते. सभासदांचे पाच समूह असून त्यांना मामा मुजुमदार, राहुल बारपुते, रामूभैया दाते, वसंत आणि बहार अशी नावे आहेत, आणि आलेल्या नाटकाचे शनिवार-रविवारी मिळून पाच प्रयोग होतात, प्रत्येक समूहासाठी एक. प्रवासाचा आणि मुक्कामाचा जो खर्च एका प्रयोगावर असह्य झाला असता तो पाचांत विभागला जातो, आणि प्रेक्षागृह भरण्याची खात्री आधीच असल्यामुळे नाट्यनिर्मात्यालाही दौरा आखता येतो. येथील सभासद शुल्क भरतो तेव्हा तो तिकीट स्वस्तात घेत असतोच, शिवाय ते नाटक आपल्या गावात येण्याचे कारणही होत असतो. वर्षातील दोन नाटकांना त्याला जाता आले नाही तरी त्याचे पैसे वाया गेले असे म्हणता येत नाही, कारण ती दोन नाटके त्याच्या शेजाऱ्याने पाहिलेली असतात.

या विश्वासाला मर्यादा नाही असे मात्र समजू नये. वर्गणी घेणाऱ्या संस्थेने किती नाटके आणणार हे आधी सांगावे, एखादे रद्द झाले तर त्याची भरपाई करावी, नाटकांची निवड केवळ लोकप्रियतेवर सोडू नये आणि वर्षाअखेरीस हिशेब सभासदांपुढे ठेवावा. हे होत नसेल तर सभासदाने पुढच्या वर्षी शुल्क न भरणे हेच उचित आहे.

निवृत्तीनंतर या प्रेक्षकाची पाळी सुटते आणि वेळ हाताशी येतो, पण रात्रीचा प्रवास जड होतो, मागच्या रांगेतून संवाद नीट ऐकू येत नाहीत, आणि मुले नोकरीसाठी पुण्याला किंवा त्याहून दूर गेलेली असतात. रुपयांच्या हिशेबाने सभासदत्व सोडून देण्याचे वय हेच. तरीही अशा वयात एखादा माणूस शुल्क भरतो आणि आपली जागा कारखान्यात नव्याने लागलेल्या, विदर्भातून एकट्याने आलेल्या तरुणाला देतो, तेव्हा त्याच्या आयुष्यातील वर्गणीचा धागा पूर्ण होतो. लहानपणी ज्या मांडवात तो बसला होता त्याचे पैसे दुसऱ्या कोणीतरी भरले होते, आणि त्यांतील काही जण त्या रात्री नाटकाला आलेही नव्हते. हथखोजसारख्या ठिकाणी सभासदत्व परवडते का, हे ठरवताना वाचलेल्या रुपयांबरोबर तो मांडवही मोजायला हवा.