रिकाम्या वाद्यवृंदापुढे

पुण्यातील चर्चासत्र आटोपल्यावर सहकाऱ्यांनी मला एका ‘रेट्रो’ बारमध्ये ओढून नेले. भिंतींवर राजेश खन्ना, कोपऱ्यात मुका रेडिओ, आणि पडद्यावर सरकणाऱ्या ओळींच्या आधाराने गाणारे हौशी किशोरकुमार. कराओके या जपानी शब्दाचा अर्थ ‘रिकामा वाद्यवृंद’. कोबे शहरातील दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली हे यंत्र आणले, पण त्याचे पेटंट घेतले नाही. (बढतीसाठी शोधनिबंध मोजणाऱ्या आमच्यासारख्यांना हे औदार्य समजणे कठीणच.)

पेयांच्या यादीत चक्क मोहाचे कॉकटेल होते. किंमत वाचून मी चष्मा पुसला. ते घेऊन आलेला तरुण हळूच म्हणाला, "सर, मी धडगावचा. नंदुरबारला तुमच्या वर्गात होतो."

दुसऱ्या वर्षी तो एकाएकी यायचा थांबला होता. मोहाची भट्टी लावली म्हणून वडिलांना धरून नेले, एवढे माझ्या कानावर आले होते. मी हजेरीपटावर लाल रेघ मारली. चौकशी केली नाही. मोहावरची सरकारी नजर तशी जुनी आहे. १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांसाठी स्वतंत्र कायदाच झाला होता. पण ती लाल रेघ माझी होती.

"घरी कसे आहेत सगळे?"

"वडील गेले, सर. लिंबू पिळू का?"

तेवढ्यात माईक माझ्यापर्यंत आला. मी मानेनेच नको म्हटले. काठीच्या होळीतला ढोल त्या यंत्रात नव्हता, आणि असता तरी मला गाता आला नसता.

निघताना त्याच्यासाठी टीप ठेवावी की नाही, हे मला बराच वेळ ठरवता येईना.