जमीन जिथे, दावा तिथे

मराठवाड्यातल्या चिकलठाण्याच्या प्लॉटचा करारनामा हातात आला की मी आधी शेवटचं पान उघडतो. किंमत, विसार, मुदत यांवर घासाघीस झालेली असते. अधिकारक्षेत्राचं कलम मात्र कुठल्यातरी छापील नमुन्यातून आलेलं असतं. वाद झाल्यास तो फक्त मुंबईच्या न्यायालयात चालेल, असं त्यात लिहिलेलं. बिल्डरचं ऑफिस मुंबईत, घेणारा पुण्यात नोकरीला. दोघंही सही करून मोकळे होतात.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 चं कलम 16 ही सोय मानत नाही. स्थावर मिळकतीचा कब्जा, वाटप, गहाण सोडवणं, मालकीहक्क ठरवणं, असे दावे मिळकत ज्या न्यायालयाच्या हद्दीत असेल तिथेच दाखल करावे लागतात. दोन न्यायालयांना अधिकार असेल तर पक्षकार त्यातलं एक निवडू शकतात. ज्याला अधिकारच नाही त्याला तो करारानं देता येत नाही. हर्षद चिमणलाल मोदी विरुद्ध डीएलएफ या प्रकरणात प्लॉट गुडगावचा आणि दावा दिल्लीत होता. प्रतिवादीनं कैफियतीत दिल्लीचं अधिकारक्षेत्र आधी मान्यही केलं होतं. हरकत आली ती काही वर्षांनी. तरीही सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये दावा परत करण्याचा हुकूम कायम ठेवला.

याला अपवाद आहे, पण अरुंद. प्रतिवादीनं स्वतः एखादी कृती केली की पूर्ण दाद मिळते, अशा वेळी तो राहतो तिथे दावा चालतो. कब्जा मागितला की ही वाट बंद. (मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेला कलम 16 लागू नाही, तिथे लेटर्स पेटंटचा बारावा खंड पाहतात. तो वेगळाच विषय आहे.)

हा नियम मला निव्वळ तांत्रिक कधीच वाटला नाही. बांध कोणी सरकवला हे शेजारच्या गटाचा शेतकरी सांगतो. मोजणी इथलं भूमी अभिलेख कार्यालय करतं, फेरफार इथल्या तलाठ्याकडे असतो, कोर्ट कमिशनरला जागेवर जावं लागतं. शेवटी कब्जा द्यायला बेलीफ जातो, तोही याच न्यायालयाचा. मराठवाड्याला हे अंतर चांगलं ठाऊक आहे. 27 ऑगस्ट 1981 पासून औरंगाबादला उच्च न्यायालयाचं कामकाज सुरू झालं. त्याआधी इथल्या अपिलासाठी मुंबई गाठावी लागे. औरंगाबादला न्यायालय बसवण्याच्या निर्णयालाही आव्हान दिलं गेलं आणि 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला.

एकाच कुटुंबाची जमीन थोडी चिकलठाण्यात, थोडी बदनापूरला असं खूपदा असतं. 1 मे 1981 रोजी जालना वेगळा जिल्हा झाला आणि अशा घरांची शेती दोन जिल्ह्यांत गेली. वाटपासाठी दोन दावे करायची गरज नाही. कलम 17 प्रमाणे कुठल्याही एका ठिकाणी सगळ्या मिळकतीचा दावा चालतो.

चुकीच्या न्यायालयात दावा गेला तर तो सहसा फेटाळला जात नाही, योग्य ठिकाणी दाखल करण्यासाठी परत मिळतो. सद्भावनेनं आणि तत्परतेनं चालवला असेल तर तो काळ मुदत कायद्याच्या कलम 14 खाली मुदतीतून वगळता येतो. एवढ्यावर अनेकजण निश्चिंत होतात, आणि मला खरी काळजी इथेच वाटते. दावा चालू असताना झालेली विक्री त्या निकालाच्या अधीन राहते, हे संरक्षण मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 52 देतं. पण त्याचं स्पष्टीकरण दाव्याचा आरंभ मोजतं तो सक्षम न्यायालयात दावा दाखल झाल्यापासून. मुंबईत तारखा पडत असताना चिकलठाण्याचा प्लॉट तिसऱ्याच्या नावे झाला, तर तो खरेदीदार नेमकं हेच कलम पुढे करेल. म्हणून विमानतळाजवळच्या किंवा एमआयडीसीलगतच्या जागेचा व्यवहार फिसकटला, तर अशिलाला मी आधी गट नंबर आणि चतुःसीमा विचारतो. समोरच्याचा पत्ता त्यानंतर.