पालक-शिक्षक संघ आणि आम्ही

फी भरणे आणि प्रगतिपुस्तकावर सही करणे, एवढाच आमचा शाळेशी संबंध. संघाच्या सभेची चिठ्ठी आली की आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बोट दाखवायचो. मुलगा कन्नडात नापास झाला, तेव्हा नाइलाजाने गेलो. बेळगावात जन्म गेला तरी आम्हाला कन्नड वाचता येत नाही, हे सांगताना मान खाली गेली. लगेच चार पालक म्हणाले, "आमच्याकडेही तेच!" बाईंनी शनिवारी शाळा सुटल्यावर १ तास शिकवण्याचे कबूल केले. आता मुलांमागे बसून आम्हीही मुळाक्षरे गिरवतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे का ठरवले, ते आता उमगले. पालकहो, पुढील सभेस अवश्य या.