राजाचे घर

संग्रहालय म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे तलवारी आणि सिंहासने उभी राहतात, आणि पाय उगाच जड होतात. थोरांच्या वस्तूंपुढे शाळामास्तराने उभे तरी किती वेळ राहावे? पण पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय तसे नाही. मुलीला कॉलेजात पोचवायला चंद्रपूरहून गेलो होतो. सहज म्हणून आत शिरलो आणि तीन तास तिथेच रमलो.

तिथे तुमच्याआमच्या आज्यांचा संसार मांडून ठेवला आहे. समया, लामणदिवे, फण्या, करंडे, पाय घासायच्या वज्री! आणि अडकित्ते तरी किती तऱ्हांचे! कुठे घोडा, कुठे पक्षी, कुठे जोडपे. सुपारी कातरायला एक पाते आणि दोन मुठी पुरतात. पण कारागिराच्या हाताला तेवढ्याने समाधान नसते. आमच्या गडचिरोलीकडचा बुरूड साधी टोपली विणतानाही काठाशी चार वेढे जास्त घालतो, त्याची मला आठवण झाली.

हे सारे जमवणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. घरचा धंदा चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास लागलेला हा छंद वीस हजारांवर वस्तू जमल्या तरी सुटला नाही. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याचेच नाव संग्रहाला दिले आणि पुढे सारा ठेवा शासनाच्या स्वाधीन केला. ज्याचे घर रिकामे झाले, त्याने लोकांच्या घरांतले टाकलेले, विसरलेले सांभाळले, हे मनात आले आणि मी काचेपुढून पटकन हललो.

यंदा आमची आई गेली. तिच्या भांड्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा पितळी मुठींचा अडकित्ता मोडीच्या ढिगात पडला होता.

"पान खातो कोण आता?" थोरले बंधू म्हणाले.

"दादा, तेवढा मला दे."

"घे की. त्यात काय आहे?"

त्यात आईचा अंगठा आहे. डावी मूठ त्या जागी झिजून गुळगुळीत झाली आहे.

दिवाळीला मुलगी घरी आली. पत्नीने चिंचेने घासून लखलखीत केलेला तो अडकित्ता तिने उचलला आणि विचारले, "बाबा, हा धरायचा कसा?"

मी तिचा अंगठा त्या झिजलेल्या जागेवर ठेवला. पहिल्याच दाबाला सुपारी दुभंगली.