कुणाचं काय बाहेर गेलं?

चि. सोनू,



तुझा प्रश्न पोचला. प्रोग्रॅम क्रॅश झाला की तो न विचारता रिपोर्ट पाठवतो, त्यात उघडलेल्या फाइलचा पूर्ण पाथ जातो, आणि प्रोजेक्टमधले जुने लोक म्हणतात की यात कुणाचं काही अडत नाही, सबब बग मायनर. तुला ते पटत नाही, पण का पटत नाही ते मांडता येत नाही. तू गप्प बसली नाहीस याचाच मला आनंद झाला. आपल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टांत बरेच जण फावल्या वेळात काम करणारे. कशाला आधी हात लागणार आणि काय वर्षानुवर्षं पडून राहणार, हे 'मायनर'सारख्या एका शब्दावर ठरतं.

"काही अडत नाही" हेच आधी बघू. आपल्या गांभीर्याच्या पट्ट्या मोडतोड मोजण्यासाठी बनल्या आहेत. डेबियन या लिनक्स प्रणालीची पट्टी घे: क्रिटिकल, ग्रेव्ह, सीरियस, इम्पॉर्टंट, नॉर्मल, मायनर, विशलिस्ट. वरच्या तिन्हींपैकी एक शिक्का बसला की ते पॅकेज जसंच्या तसं नव्या आवृत्तीत जाऊ शकत नाही. क्रिटिकल आणि ग्रेव्हच्या व्याख्येत सॉफ्टवेअर निकामी होणं आहे, डेटा नष्ट होणं आहे, सुरक्षेला भगदाड पडणं आहे. डेटा जागच्या जागी राहून त्याची प्रत परक्याकडे जाणं मात्र तिथे नाव घेऊन लिहिलेलं नाही. खासगीपणाच्या बगमध्ये तर प्रोग्रॅम उत्तम चालत असतो. म्हणून "काय बिघडलं?" हा प्रश्न तिथे उपयोगी पडत नाही. "कुणाचं काय बाहेर गेलं?" असं विचारावं लागतं.

स्टारडिक्टचं प्रकरण मुळातून वाच. हा शब्दकोशाचा प्रोग्रॅम. दुसऱ्या कुठल्याही खिडकीत शब्द निवडला की छोट्या चौकटीत त्याचा अर्थ दाखवतो. ऑगस्ट 2025 मध्ये, डेबियन 13 म्हणजे ट्रिक्सी बाहेर पडायला थोडेच दिवस उरले असताना, कुणीतरी दाखवून दिलं की त्यातलं यूदाओ नावाचं प्लगइन निवडलेला मजकूर चीनमधल्या दोन शब्दकोशांच्या सर्व्हरकडे पाठवतं, तेही साध्या एचटीटीपीवरून, एनक्रिप्शनशिवाय. सुरक्षेतल्या त्रुटींना देतात तो सीव्हीई क्रमांक त्याला मिळाला: सीव्हीई-2025-55014. यात कॉपीचं बटण दाबायचीही गरज नव्हती. एक्स-11 या लिनक्सवरच्या जुन्या खिडकी-प्रणालीवर माऊसने मजकूर नुसता निवडला की तो इतर प्रोग्रॅमना वाचता येतो. वाचता वाचता ओळ निवडत जायची सवय किती जणांना असते, बघ. डॉक्टरांची मेल, वकिलाला लिहिलेला मसुदा, फाइलीत ठेवलेला पासवर्ड... शब्दकोशाला त्यातला फरक कळत नाही. तो प्रत्येक वेळी अर्थ विचारायला जातो, आणि वाटेतल्या वायफायवर कान देऊन बसलेल्यालाही ते वाचता येतं.

पॅकेज सांभाळणाऱ्याचं म्हणणं असं होतं की नेटवरच्या कोशात शोधणं हेच त्या प्लगइनचं काम, वर्णनात तसं लिहिलंय, नको असेल त्याने बंद करावं. तो माणूस फुकट राबतो, त्याच्या हेतूवर मी शंका घेणार नाही. पण वर्णनात लिहिलेलं असणं आणि वापरणाऱ्याला ठाऊक असणं यात फार अंतर आहे. डेबियनमध्ये शिफारस केलेली पॅकेजेस मुख्य पॅकेजसोबत आपोआप बसतात. ज्याने शब्दकोश मागितला, त्याला हे प्लगइन न मागता मिळालं. माझ्या हाती असतं तर मी ग्रेव्ह लिहिलं असतं, आणि त्याला कारण ही डिफॉल्ट सेटिंग. तेच प्लगइन माणसाने स्वतः चालू केलं असतं, तर मी दोन पायऱ्या खाली आले असते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेव: वेलँड या नव्या खिडकी-प्रणालीवर एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची निवड अशी वाचता येत नाही, त्यामुळे तिथे तपासणाऱ्याला हा बग दिसतच नाही. तेव्हा "माझ्याकडे असं होत नाही" या उत्तरावर खासगीपणाचा बग कधीही बंद करू नकोस. आणि हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही: याच प्रोग्रॅममध्ये क्लिपबोर्डवरचा मजकूर बाहेर जाण्याबद्दल 2009 सालीही सीव्हीई निघाला होता.

तुमच्याकडचे कुणी आकड्याचा आधार घेतील, सीव्हीएसएस या सूत्राने गांभीर्याचे गुण काढू म्हणतील. काढा जरूर, पण त्यावर विसंबू नका. 2014 मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड निघाला. दर मागणीला सर्व्हरच्या मेमरीतला 64 किलोबाइटपर्यंतचा तुकडा बाहेर, त्यात पासवर्ड आणि खासगी किल्ल्यासुद्धा. त्या वेळच्या दुसऱ्या आवृत्तीच्या सूत्राने त्याला 10 पैकी 5.0 गुण दिले, म्हणजे मध्यम! नुकसान फक्त गोपनीयतेचं, तेही सूत्राच्या भाषेत आंशिक. तिसऱ्या आवृत्तीत तो 7.5 वर गेला. सूत्राला बाइट दिसतात, ते कुणाचे आहेत हे दिसत नाही.

ते बघण्याचं काम तुझं. 2017 मध्ये, वापरणाऱ्याचा ठावठिकाणा लपवणाऱ्या टॉर ब्राउझरच्या मॅक आणि लिनक्सवरच्या आवृत्तीत एक बग सापडला. विशिष्ट प्रकारच्या फाइल-पत्त्यावर गेलं की ऑपरेटिंग सिस्टिम टॉरला वळसा घालून थेट जोडणी करायची आणि समोरच्याला खरा आयपी पत्ता मिळायचा. बगचं मूळ फायरफॉक्समध्ये होतं. साध्या फायरफॉक्सवर आयपी पत्ता प्रत्येक साइटला दिसतोच, तिथे कुणाला त्याचं काही वाटणार नाही. टॉर वापरणाऱ्या पत्रकाराला मात्र त्या पत्त्यापायी तुरुंगवास घडू शकतो.

म्हणून सगळंच क्रिटिकल ठरवत सुटू नकोस हं. मदतीच्या पानात बाहेरच्या साइटवरून लोगो येतो, त्यामुळे तू पान उघडल्याचं त्या साइटला कळतं. डेबियनचं पॅकेज तपासणारं साधन लिंटियन अशा गोष्टी शोधून इशारा देतं, आणि ते योग्यच आहे, पण त्यासाठी नवी आवृत्ती अडवायला नको. दर खेपेला तू वरचाच शिक्का मारलास, तर खरोखर वेळ येईल तेव्हा तुझं कुणी ऐकणार नाही.

आता तुझा पाथ. होम फोल्डरच्या मागोमाग लॉगिनचं नाव येतं, बऱ्याचदा ते माणसाचं खरं नाव असतं. पुढे फोल्डर, आणि शेवटी 'आईचा बायोप्सी रिपोर्ट' किंवा 'घटस्फोटाचा अर्ज'. फाइल उघडायचीही गरज उरत नाही. न विचारता पाठवलं जातंय, एकदा गेलेलं परत घेता येत नाही, आणि नाव व दुखणं एकाच ओळीत आहे. तुमच्या पट्टीत जी पायरी नवी आवृत्ती अडवते, तिथे हा बग ठेव. कारण म्हणून वरच्या फाइलींसारखी दोन काल्पनिक नावं घालून पाथचा एक नमुना लिही, वाद घालू नकोस. ज्याने तो कोड लिहिला त्याच्याबद्दल एक शब्दही नको. पाथ गाळायला वेळ लागणार असेल, तर तोवर रिपोर्ट पाठवण्याआधी परवानगी विचारली जाईल एवढा बदल आधी जाऊ दे.

आणि कोड दुरुस्त झाला म्हणून लगेच बग बंद करू नकोस. आजवर आलेले रिपोर्ट सर्व्हरवर पडून असतील, त्यांचे बॅकअपही असतील. ते कोण पाहू शकतं आणि कधी पुसले जाणार, हे विचार, आणि उत्तर त्याच बगखाली लिहून घे.

तुझी,
मावशी