पाणी घालण्यापूर्वी

वाचकहो, ज्येष्ठांनी एखादा छंद जोपासावा, असा सल्ला आम्ही डॉक्टर मंडळी नेहमी देतो. पण त्या छंदातील कोणते काम कोणी करायचे, हे सहसा सांगत नाही. म्हणून आज माझ्या घरातील एका छंदाविषयी आपल्याशी बोलावे, असे वाटते. गेली 14 वर्षे कोल्हापुरातील आमच्या घराच्या पूर्वेकडील गॅलरीत मी ऑर्किड वाढवीत आहे. आज तिथे 28 कुंड्या आहेत.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. सह्याद्रीत आंब्याच्या फांदीवरून लोंबणारे ‘सीतेची वेणी’ या आमरीचे गुलाबी-पांढरे तुरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. झाडावर वाढते म्हणून पुष्कळजण तिला बांडगूळ समजतात. ते खरे नव्हे. ती फांदीचा केवळ आधार घेते, झाडाचा रस शोषत नाही. तिच्या मुळांवर व्हेलामेन नावाचे स्पंजासारखे आवरण असते. पाऊस येताच ते पाणी टिपून घेते आणि पाऊस सरला की वाऱ्यावर सुकते. भिजणे जितके आवश्यक, तितकेच सुकणेही आवश्यक. म्हणूनच अशा ऑर्किडच्या कुंडीत माती घालीत नाहीत. लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे घालतात.

घरातील ऑर्किड तहानेने क्वचित मरते. बहुधा ती मरते अतिपाण्याने. सतत ओल्या मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, त्यामुळे पाने सुरकुततात. सुरकुतलेली पाने पाहून मायेचा माणूस आणखी पाणी घालतो, आणि उरलीसुरली मुळेही जातात.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील हौशी धनिकांनी आपल्याकडील खासी टेकड्यांसारख्या प्रदेशांतून हजारो ऑर्किड नेली. उष्ण देशातील वनस्पती म्हणून त्यांना बंदिस्त, तापलेल्या, दमट काचघरांत ठेवले, आणि त्यांतील असंख्य मेली. चॅट्सवर्थ येथील उद्यानप्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी 1830 च्या दशकात काचघरांत हवा खेळती ठेवली, तापमान उतरवले, तेव्हा कुठे ती जगू लागली. जपणुकीत कसूर नव्हती. झाडाला काय हवे, ते पाहिले गेले नव्हते.

माझी आई 81 वर्षांची आहे. वयोमानाने दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजल्यामुळे तिला समोरचे स्पष्ट दिसत नाही, कडेचे दिसते. वाचन थांबले, निवडणे-टिपणे थांबले. गॅलरीतील कुंड्यांचे पाणी मात्र तीच ठरवते. मुळे रुपेरी दिसली तर कोरडी, हिरवी दिसली तर ओली, ही माझी खूण. तिला तो रंग दिसत नाही. ती कुंडी दोन्ही हातांत घेऊन किंचित उचलते आणि वजनावरून सांगते, “अजून जड आहे रे. परवा बघू.” ही पद्धत जाणकारांतही मान्य आहे, आणि आमचे मतभेद झाल्यास तिचा शब्द अखेरचा असतो.

एकदा ती म्हणाली, “गोळ्या तू ठरवतोस, स्वयंपाक सूनबाई ठरवते, बँकेचे नातू बघतो. एवढे माझ्याकडे राहू दे.” स्वरात तक्रार नव्हती. पण तिशी वर्षांच्या व्यवसायात वृद्धत्वाविषयी इतके नेमके विधान मी फार थोड्यांदा ऐकले आहे. म्हातारपणी माणसाकडून एकेक काम सुटत जाते, हे आपण जाणतो. प्रत्येक कामाबरोबर एकेक निर्णयही सुटतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना माझे सांगणे हे आहे. पडतील म्हणून चालू दिले नाही, तर पायांतील शक्ती आणखी ओसरते आणि पडण्याचा धोका वाढतो. सांडतील म्हणून भरवू लागलो, तर हाताची सवय मोडते. आपण मग अधिकच मदत करू लागतो. कुजलेल्या मुळांना पुन्हा पाणी घालण्यासारखेच ते आहे. मदत जरूर करावी. पण हात पुढे करण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावे आणि विचारावे.

आपणास हा छंद घरी आणावयाचा असल्यास फॅलेनॉप्सिसपासून प्रारंभ करावा. रानातून रोप काढून आणू नये, रोपवाटिकेतूनच घ्यावे. पूर्वेच्या खिडकीतील कोवळे ऊन त्यास पुरते. दुपारचे ऊन पाने भाजते. पाणी सकाळी घालावे आणि पानांच्या बेचक्यात साचू देऊ नये. किती दिवसांनी घालावे, याचा ठरावीक आकडा नाही: एप्रिलमध्ये एक दिवसाआड लागेल, श्रावणात आठवडाभर लागणारही नाही.

ज्येष्ठांसाठी कुंड्या कमरेच्या उंचीवर ठेवाव्यात, म्हणजे वाकावे लागत नाही आणि स्टुलावर चढण्याचा मोह होत नाही. सांडलेले पाणी लगेच पुसावे. कुंडीखालील बशीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीत वाळके शेवाळ वापरत असल्यास हातमोजे घालावेत, कारण त्यातून क्वचित त्वचेला बुरशीचा संसर्ग होतो. मधुमेहींनी कात्री जपून वापरावी. आणि हा छंद औषधाच्या वा व्यायामाच्या जागी नव्हे, त्यांच्या जोडीने आहे, हे विसरू नये.

फॅलेनॉप्सिसचा दांडा दिसू लागल्यापासून पहिली कळी उमलेपर्यंत दोन-तीन महिने जातात. मग फुले तितकाच काळ टिकतात. पुढचा बहर बहुधा वर्षभराने. एवढा विलंब वृद्धांना सोसेल का, अशी शंका मला काहीजण विचारतात. माझा अनुभव असा की, वाट पाहण्यासारखे काही समोर असणे हीच त्या वयातील दुर्मीळ गोष्ट आहे. आमच्या गॅलरीत सध्या तीन दांडे वर आले आहेत. आई रोज बोटाने त्यांची लांबी अजमावते आणि कोणता आधी फुलेल, यावर नातवाशी पैज लावते.

आपल्या घरी ऑर्किड नसेल, तर तुळस असेल, कढीपत्ता असेल. या पंधरवड्यात घरातील वडीलधाऱ्यांना एवढेच विचारून पाहा: “आज पाणी घालू का?” आणि उत्तर ‘नको’ असे आले, तर घालू नका.